कंपनीने परत बोलावलंय

‘रिकॉल’ला मराठीत धड शब्द नाही, ही माझी तक्रार आहे. कंपनीने विकलेल्या मालात दोष निघाला, आग लागायची भीती आहे असं लक्षात आलं, म्हणून तो माल लोकांकडून परत घ्यायचं ठरवलं, एवढं सगळं त्या एका इंग्रजी शब्दात बसतं. आपण काय म्हणायचं? ‘परत मागवलं’ म्हणावं तर पुन्हा ऑर्डर दिल्यासारखं वाटतं. ‘माघारी घेतलं’ म्हटलं की निवडणुकीचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. त्या रविवारी सकाळी माझ्या तोंडून निघालं ते तिसरंच. पुण्याला भावाशी फोनवर बोलत होते आणि नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात म्हणाले, “अरे, कंपनीने परत बोलावलंय!” गॅलरीत माझे बाबा पेपर वाचत बसले होते.

बाबा जाऊन आता वर्ष होऊन गेलं. त्या एका वाक्याबद्दल मला त्यांची माफी मागायची राहून गेली, आणि पुढे जी दुसरी चूक केली तिच्याबद्दल तर जास्तच. समोर असताना जमलं नाही ते आता कागदावर जमवायला बसले आहे.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढणारी अवाढव्य यंत्रं होती तिथे, आणि ती दिवसभर इतकी धडधडायची की बाबांचा उजवा कान त्या यंत्रांनीच खाल्ला. त्याचं बाबांना काही वाटत नसे. घरी आल्यावर आईची बडबड कमी ऐकू येते, असा फायदाच सांगायचे. डोंबिवलीहून पहिल्या पाळीला निघताना एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा असायचा. उन्हाळ्यात छत्री जायची, डबा राहायचा. बाबा मला आठवतात ते त्या डब्यासकट.

मी सातवीत होते तेव्हा एका सोमवारी ते अकरा वाजताच परत आले. मला बरं नव्हतं म्हणून मी घरी होते. दारात बाबा, हातात डबा, आणि चेहऱ्यावर असं काही की आई काही न विचारता पाणी आणायला गेली. कारखान्याच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली होती. मागणी नाही, मालाची टंचाई आहे, अशी कारणं, आणि सगळ्यांत खाली एक ओळ: कामगारांना योग्य वेळी परत बोलावण्यात येईल. बाकीच्यांनी ती ओळ वाचली. बाबांनी पाठ केली.

आईने डबा उघडला. गवारीची भाजी आणि चार चपात्या, बोटही न लागलेल्या. दुपारी ते आम्ही तिघांनी आणि शाळेतून आलेल्या भावाने वाटून खाल्लं. जेवण झाल्यावर बाबा आईला म्हणाले, “डबा धुवून ठेव. लागेल.”

तो लागेल म्हणून कितीतरी दिवस ओट्यावर पालथा घातलेला असायचा. पुढे रोज समोर दिसायला लागला तसा आईला तो बघवेना, आणि एक दिवस तिने तो माळ्यावर टाकला. बाबांनी पाहिलं असणार.

त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. कोकणात दहा दिवस जायचं आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर? पुढच्या वर्षीही नाही गेलो. बाबा रिकामे बसले असं अजिबात नाही. शहाडला एका वर्कशॉपमध्ये होते, मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, मग लोकांचे पंखे नि मिक्सर. पण कुठेही मालक म्हणाला की तुम्हाला कायम करतो, की बाबा “बघू” म्हणायचे. आई कपाळावर हात मारून घ्यायची. त्यांच्या लेखी ते आधीच कुठेतरी कायम होते.

काही वर्षांनी मला नोकरी लागली ती नेमकी वागळे इस्टेटमध्ये. कारखाने बंद झालेल्या त्या रस्त्यांवर तोवर काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि त्यातल्या एकीत, चौथ्या मजल्यावर, एसीच्या खाली मी दिवसभर लोकांच्या तक्रारी कॉम्प्युटरमध्ये भरत असे. बाबांनी कामाबद्दल काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, “कुठल्या नंबरचा रस्ता?” मी सांगितला. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या मागचा.” त्यांच्या कारखान्याची शेड पाडली ती बातमीही त्यांना मीच दिली, जेवताना, आमटी वाढून घेता घेता. बाबांनी भात कालवला आणि विचारलं, “आणि झाड?” मला कुठलं झाड ते माहीत नव्हतं. तेव्हापासून बोलावण्याचा विषय घरात निघाला नाही.

मी लग्न केलं नाही, आईबाबांबरोबरच राहिले. त्यामुळे बाबांचं म्हातारपण मला रोज दिसायचं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. मोठं ड्रिल मशीन उचलताना हात थरथरायला लागला होता. वायर ओढत नेताना एकदा जिन्यात पडता पडता वाचले. तेव्हा मी त्यांना बॅटरीवर चालणारं छोटं ड्रिल आणून दिलं. ऑनलाइन मागवलं, माझ्याच फोन नंबरवर नोंदणी केली. बाबांनी ते हातात घेतलं, वजन पाहिलं, चाप ओढला आणि लहान मुलासारखे हसले. त्याला ते ‘बिनवायरीचं’ म्हणायचे. त्याचं दुसरं नाव आमच्या घरात कुणी घेतलंच नाही.

बिनवायरीचं आलं आणि बाबांचे दिवस पालटले. आमच्या बिल्डिंगमध्ये दर महिन्याला कुणी ना कुणी नवा भाडेकरू येतो, आणि नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी पडद्याचा रॉड लागतो. “काका, जरा वर येता का? चार होल मारायचीत.” बाबा शर्ट घालून, कानावर पेन्सिल खोचून निघायचे. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. इंटरकॉम वाजला की आई आतून ओरडायची, “अहो, तुमचं बोलावणं आलं!” ती चिडवायची, पण तिच्या आवाजात सुख असायचं. दसऱ्याला बाबा त्या ड्रिलची पूजा करायचे. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लावत, तसंच इथे तेलात कालवलेलं कुंकू, झेंडूचं फूल आणि पेढा. यंत्र खातं तेवढा पेढा ठेवून उरलेला बाबा खायचे.

आणि मग त्या शनिवारी कंपनीचा मेसेज आला. या मॉडेलच्या काही बॅटऱ्या चार्ज होताना तापून पेट घेऊ शकतात. वापर ताबडतोब थांबवा, चार्ज करू नका, बॅटरीवरच्या नंबराचा फोटो पाठवा. मी फोटो काढून पाठवला. ‘फोटो अस्पष्ट’ म्हणून परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला फोन करून सगळं सांगत होते, तेव्हा ते वाक्य तोंडातून गेलं.

बाबांचा डावा कान बरा होता. दुर्दैवाने गॅलरीत बसताना तोच माझ्या बाजूला होता.

मी बोलणं संपवून वळले तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. न्हाणीघरात नळ सुरू होता. पाच-सात मिनिटांनी बाबा बाहेर आले. दाढी केलेली, गालावर साबणाचा एक पांढरा ठिपका राहिलेला. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, जो ते फक्त लग्नाकार्यात घालत. माझ्यासमोर उभे राहिले आणि अगदी हळू, जणू मोठ्याने विचारलं तर उत्तर बदलेल, तसे म्हणाले, “किती वाजता यायला सांगितलंय?”

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, “कुणाला?”

“मला. कंपनीने बोलावलंय ना?”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिला माझ्या आधी कळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता हे तूच निस्तर. मला काहीतरी बरं सुचायला हवं होतं. मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला नाही हो. ड्रिलला. ड्रिलची बॅटरी खराब निघालीय, आग लागू शकते. कंपनी ड्रिल परत घेतेय.”

कारखाना बंद होऊन तीस वर्षं उलटून गेली होती. शेड नव्हती, मालक नव्हता, बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. हे सगळं बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. पण ते वाक्य कानावर पडल्यावर पाच-सात मिनिटं त्यांनी या सगळ्यावर विश्वास ठेवायचं नाकारलं होतं, इतकंच.

“मग तसं नीट बोलावं माणसाने,” ते म्हणाले, आणि आत जाऊन शर्ट बदलून आले. साबणाचा ठिपका तसाच होता. तो पुसायचीही मला हिंमत झाली नाही.

त्यानंतर ड्रिल द्यायचंच नाही म्हणून बाबा हटून बसले. चालत्या मशिनमध्ये खोट काढायची, हे कंपन्यांचं जुनंच आहे. “आमच्या वेळीही असंच काहीबाही कारण लिहिलं होतं.” मी मेसेज वाचून दाखवला, ते म्हणाले, चष्मा नाही. चष्मा आणून दिला, म्हणाले, अक्षर बारीक आहे. आई घाबरून गेली होती. बाबा बॅटरी चार्जिंगला लावायचे ती जागा म्हणजे ओट्याचा कोपरा, खाली गॅसचा सिलिंडर. मी चिडले. मी चिडते तेव्हा माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. “घर जाळायचंय का तुम्हाला?” असंही म्हणाले. बाबा म्हणाले, “ते गेलं की मला कोण बोलावणार गं, बाय?”

खरी गोष्ट तेवढीच होती, आणि ती त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली होती. त्यांना दुसऱ्यांदा घरी बसायचं नव्हतं.

शेवटी निकाल त्यांनीच लावला, त्यांच्या पद्धतीने. मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर बाबांनी चार्जर गॅलरीत नेऊन, फरशीवर ठेवून, बॅटरी लावली होती. शेजारी पाण्याची बादली नव्हे, वाळूची. खाली बिल्डिंगचं काम चाललं होतं, तिथून घमेलंभर मागून आणली होती. मी किंचाळणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले. ते उकिडवे बसले होते आणि दर दोन मिनिटांनी बॅटरीला हाताची पालथी बाजू लावून बघत होते. यंत्र तापतंय का हे ते तसंच बघायचे. तळव्याला कामाने घट्टे पडतात, त्याला काही कळत नाही, असं म्हणायचे. आम्हा भावंडांचा तापही त्यांनी कधी तळहाताने पाहिला नाही.

पंधरा मिनिटांत त्यांनी प्लग काढला. बॅटरी फडक्यात धरून उचलली, एका कडेने निरखली. ती बाजू किंचित फुगली होती.

“खरं आहे त्यांचं,” ते म्हणाले. “दोष आहे. बोलावलंय ते बरोबर आहे.” मग आईचा जर्मनचा टोप मागून घेतला, त्यात वाळू घातली, मधे ती बॅटरी ठेवली, वर पुन्हा वाळू. झाकण ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्यात काही दोष नव्हता.”

फोटो काही केल्या स्पष्ट येत नव्हता, म्हणून हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलं की सर्व्हिस सेंटरला समक्ष घेऊन या. सेंटर वागळे इस्टेटमध्येच निघालं. शनिवारी मला सुट्टी होती. आम्ही रिक्षा ठरवली. बाबांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला. मशीन आणि चार्जर माझ्या पिशवीत, आणि मांडीवर फडक्यात बांधलेला टोप घेऊन ते बसले. खाली भेटलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, “काय काका, बिर्याणी कुणाकडे?” बाबा म्हणाले, “कंपनीत.” माणकोलीच्या नव्या पुलावर खाडीचा वारा लागला, तसा त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने बाबांना खुर्ची दिली, टोप सोडताना मदत केली आणि वाळू पाहून म्हणाली, “काका, असं कुणीच आणत नाही. लोक पिशवीत टाकून आणतात.” बाबांना ते आवडलेलं मला दिसलं. पण नंबर तिलाही वाचता येईना. बॅटरीवरच्या लेबलावर दर दसऱ्याचं तेल-कुंकू बसून बसून लाल पापुद्रा झाला होता. बाबांनी नखाने हळूहळू खरवडायला सुरुवात केली.

“पूजा करता वाटतं,” ती म्हणाली. “आमच्याकडे पण करतात. पण नंबरावर कुंकू नाही लावत, काका.”

“पूजा करताना कुणाला ठाऊक, हे परत बोलावतील म्हणून,” बाबा म्हणाले.

नंबर सापडला, यादीशी जुळला. बॅटरी, चार्जर, मशीन सगळं तिने ठेवून घेतलं. बदली मशीन यायला वेळ लागेल म्हणाली. “आलं की तुम्हाला फोन करून बोलावू.”

बाबा उठता उठता थांबले. “कोण बोलावणार?”

“आम्हीच, काका. कंपनीकडून फोन येईल.”

“तसं लिहून द्या.”

मला शरम वाटली. मी म्हटलं, “बाबा, पावती आहे ना.” पण त्या मुलीने हसून पावतीच्या मागे लिहिलं: बदली वस्तू आल्यावर फोन करून बोलावू. शिक्काही मारला. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि पावती चष्म्याच्या घरात ठेवली. मग म्हणाले, माझा नंबर लिहून घ्या. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, नोंदणी मॅडमच्या नंबरवर आहे, फोन त्यांनाच येईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सांगेन ना मी तुम्हाला.” हो, हे मीच म्हटलं होतं.

बाहेर पडल्यावर ते रिक्षा शोधेनात, चालायला लागले. त्या रस्त्यांवर मी वीस वर्षं येत-जात होते, पण त्या दिवशी वाट ते दाखवत होते. एक वळण, मग दुसरं, आणि एका काचेच्या इमारतीपुढे थांबले. इमारतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फुटपाथवर, कुंपणाच्या बाहेर, एक प्रचंड पर्जन्यवृक्ष होता. बुंध्याभोवती कुणीतरी सिमेंटचा कट्टा बांधला होता.

“आहे की,” बाबा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते सगळे इथे बसायचे. कुणाचा डबा भिवंडीचा, कुणाचा खडवलीचा, कुणाच्यात सुका जवळा, कुणाच्यात पिठलं. आधी सगळे डबे उघडून मधे ठेवायचे आणि मग जेवायला सुरुवात करायची, असा नियम होता. त्या शेवटच्या सोमवारी सगळे इथेच येऊन बसले होते, पण डबे कुणी उघडले नाहीत. मला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

बाबा कट्ट्यावर बसले, पाठ टेकली आणि म्हणाले, “आज डबा आणायला हवा होता.”

मला भूक लागली होती, ऊन झालं होतं. मी म्हटलं, “हॉटेलात खाऊ या ना, चला.” आम्ही जवळच्या उडप्याकडे गेलो. त्यांनी अर्धा मसाला डोसा टाकला.

त्यानंतरचे दीड-दोन महिने बाबा असे होते की आजही ते दिवस आठवले तर मला घरी पळत जावंसं वाटतं, जणू ते अजून तिथेच बसलेले असतील. वरून कुणी होल मारायला बोलावलं की छाती काढून सांगायचे, “मशीन कंपनीत आहे. बोलावणं येईल मला.” संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत बाबा विचारायचे, “फोन?” मी नकाराची मान हलवायचे. ते म्हणायचे, “येईल. लिहून दिलंय.” लांब बाह्यांचा शर्ट इस्त्री होऊन दाराच्या मागे हँगरला टांगलेला असायचा. मी तो रोज बघत होते. कुणाकडे लग्न असेल, असं समजत होते. माणूस डोळ्यांनी बघतो म्हणजे त्याला दिसतंच असं नाही, हे मला फार महागात पडून कळलं.

फोन आला एका बुधवारी, बाराच्या सुमाराला. तीच मुलगी. “मॅडम, तुमचं आलंय. काकांना घेऊन येताय ना?”

माझ्यासमोर पंचवीस तक्रारी उघड्या होत्या. मी म्हटलं, “छे, त्यांना कशाला एवढ्या लांब त्रास. मी इथे जवळच असते, लंचमध्ये येऊन घेऊन जाते.”

“बरं,” ती म्हणाली.

खरं सांगायचं तर मी खुशीत होते. बाबांना न सांगता नेऊन एकदम हातात द्यायचं, असा माझा बेत होता. नवा कोरा खोका छातीशी धरून घरी गेले. बेल वाजवली, बाबांनीच दार उघडलं. मी खोका पुढे केला. “ओळखा काय आहे!”

बाबांनी खोका पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“फोन आला होता?”

“हो, दुपारी. मी म्हटलं, तुम्हाला कशाला दगदग.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. खोका घेतला, टेबलावर ठेवला. उघडला नाही. मग चष्म्याचं घर उघडून ती पावती काढली, उलटी करून वाचली आणि मला दिली. “ही आता तुझ्याकडे राहू दे.”

मला अजूनही कळलं नव्हतं. मी पाणी प्यायला आत गेले आणि ओट्यावर तो दिसला. दोन पुडांचा स्टीलचा डबा. घासून लख्ख केलेला, पालथा घातलेला. कडीला नवी तार गुंडाळली होती, ती बाबांच्या हातची.

“हा कुणी काढला माळ्यावरून?” मी विचारलं.

आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. “त्यांनीच. तुम्ही जाऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला म्हणाले, बोलावणं आलं की त्या दिवशी गवारीची भाजी कर. चपात्या जरा जास्त टाक, पोरगीही असेल बरोबर. झाडाखाली बसून खाऊ म्हणाले.” मग म्हणाली, “दर दोन दिवसांनी गवार आणतेय मी. आजही आणलीय.”

मी बाहेर आले. बाबा गॅलरीत त्यांच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, कान चांगला होता त्या बाजूला. म्हटलं, “बाबा, उद्या मी सुट्टी टाकते. डबा घेऊन जाऊ या आपण दोघं, झाडाखाली बसू.”

त्यांनी माझ्या हातावर हाताची पालथी बाजू ठेवली, ताप बघतात तशी. रागावले अजिबात नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“आता कशाला गं?” ते म्हणाले. “आता कुठं कुणी बोलावलंय?”

पुढे नव्या ड्रिलने त्यांनी बरीच होल मारली, अगदी जायच्या महिनाभर आधीपर्यंत. हल्ली कधीकधी मी दुपारी त्या कट्ट्यावर जाऊन डबा खाते. माझा प्लास्टिकचा आहे. त्यांचा तो स्टीलचा अजून आमच्या माळ्यावर आहे. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच तो उचलून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, “ठेवून दे.” आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं, पुढे ‘लागेल’ म्हणतील. ते म्हणाले नाहीत.